फँटम ४ आरटीके: कातळशिल्पांसाठी उत्तम, जलदुर्गांसाठी बेताचा

२०१८ साली आलेला डीजेआय या चिनी कंपनीचा हा ड्रोन आता भाड्याने किंवा वापरलेलाच घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. तरीही राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं मोजून ठेवायची असतील तर तो आजही भरवशाचा. त्याचं मोठं कारण मेकॅनिकल शटर. साध्या ड्रोनचं इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने टिपतं. तेवढ्यात ड्रोन पुढे सरकतो, फोटो किंचित तिरका होतो आणि जेमतेम काही सेंटीमीटर खोल कोरलेली रेघ थ्रीडी मॉडेलमध्ये पुसट होते.

३० मीटर उंचीवरून एक पिक्सेल जमिनीवर ०.८ सेंटीमीटरचा पडतो आणि एका फोटोत साधारण ४५ बाय ३० मीटर जागा येते. पुढचा ओव्हरलॅप (शेजारच्या दोन फोटोंत सारखा येणारा भाग) ८० टक्के, बाजूचा ७० टक्के ठेवला तर दर ६ मीटरला फोटो हवा. कॅमेऱ्याला दोन फोटोंमध्ये सुमारे अडीच सेकंद लागतात, म्हणून वेग २.४ मीटर प्रतिसेकंदाच्या वर नेऊ नये. एक हेक्टर दहाएक मिनिटांत उरकतं. कशेळीच्या १८ मीटर लांबीच्या हत्तीच्या शिल्पाला एवढं पुरतं. बारीक रेघांच्या शिल्पांवरून मात्र १५ मीटरवर हाताने उडवून आणखी एक फेरी घ्यावी.

आरटीके म्हणजे बेस स्टेशनकडून (ठरलेल्या जागी ठेवलेल्या उपग्रह-ग्राहकाकडून) उडतानाच दुरुस्ती घेऊन जागा नेमकी करणं. ते आहे म्हणून जमिनीवरचे नियंत्रण बिंदू, म्हणजे जागा आधी नेमकी मोजलेल्या खुणा, टाळणारे बरेच भेटतात. तसं करू नये. फोटोची जागा सेंटीमीटरपर्यंत बरोबर असली तरी लेन्सच्या फोकल लेंग्थमधली बारीक चूक सगळी उंची वरखाली करते. चार कोपऱ्यांना आणि मध्ये मिळून पाच बिंदू, शिवाय तपासणीसाठी दोन-तीन वेगळे. कातळावर रंग किंवा चुना अजिबात लावू नका. अर्ध्या मीटरचे काळे-पांढरे फ्लेक्सचे तुकडे दगड ठेवून दाबले की काम होतं. सड्यावर मोबाइलची रेंज गेली की दुरुस्तीचा डेटा तुटतो. अशा वेळी ड्रोनने साठवलेला कच्चा उपग्रह-डेटा बेस स्टेशनच्या नोंदीशी नंतर जुळवावा, म्हणजेच पीपीके. तेव्हा बेस स्टेशन उड्डाणाआधी सुरू करून उड्डाण संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. आणखी एक घोटाळा नेहमीचा: यंत्र उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोल आकारापासून देतं, समुद्रसपाटीपासून नाही. कोकणात हा फरक ६० मीटरहून जास्त आहे, त्यामुळे किनाऱ्यालगतची जागा नकाशात समुद्राखाली दिसते. हा फरक काढून टाकणारं जिओइड मॉडेल लावल्याशिवाय नकाशा कुणाच्या हाती देऊ नये.

पावसाळ्यानंतर सड्यावर गवत असतं, खोलगट भागात पाणी साचतं. गवत वाळून कापलं गेल्यावरच उडवावं. सकाळच्या तिरप्या उन्हात शिल्प डोळ्यांना सुरेख दिसतं, पण मॉडेलसाठी ढगाळ, सारखा उजेड बरा. तिरप्या उन्हाच्या सावल्या उंचीच्या मॉडेलवर नंतर हव्या त्या दिशेने पाडता येतात, आणि त्यातच साध्या फोटोत न दिसलेल्या रेघा कधीकधी उमटतात. सड्यावरच्या जांभ्या दगडात लोह असतं. देवाचे गोठणे इथे तर शिल्पापाशी होकायंत्रच भरकटतं. कंपासचा इशारा आला की तिथेच पुन्हापुन्हा कॅलिब्रेट करत बसू नका. उड्डाणाची जागा लांब हलवा.

सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गावर हाच ड्रोन तोकडा पडतो. सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यात तटाची बाहेरची बाजू येतच नाही. कॅमेरा ४५ अंशांत ठेवून तटाला समांतर वेगळ्या फेऱ्या घ्याव्या लागतात, त्याही ओहोटीला, म्हणजे पायाचे दगड उघडे मिळतात. लाटा हलत्या असल्याने फक्त पाण्याचे फोटो जुळत नाहीत. प्रत्येक फोटोचा निदान अर्धा भाग तटाचा हवा. दुपारी खारा वारा वाढतो आणि यंत्राची मर्यादा १० मीटर प्रतिसेकंद आहे, तेव्हा सकाळी दहा वाजायच्या आत आटपावं. होडीतून उडवायचं टाळा: होडी सरकते, आणि घरवापसीला ड्रोन जुन्या जागी, म्हणजे पाण्यावर उतरायला बघतो.

हे तिन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातले आहेत. आधी लेखी परवानगी, मग कुठे उडवता येतं ते दाखवणारा हवाई क्षेत्राचा नकाशा. १,३९१ ग्रॅमचा हा ड्रोन २०२१ च्या ड्रोन नियमांत सूक्ष्म (मायक्रो) वर्गात येतो. व्यावसायिक कामाला रिमोट पायलट प्रमाणपत्र असलेला चालक लागतोच.

वापरलेला घेताना यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक) विक्रेत्याच्या नावावर आहे का आणि तो तुमच्या नावावर होतोय का, हे पैसे देण्याआधी बघा. बॅटऱ्या फुगलेल्या नकोत. नवी बॅटरी अर्धा तास म्हणते; जुनीवर वीस मिनिटांचाच आराखडा आखा. मोटारींच्या तारांवर हिरवट गंज दिसला तर सौदा सोडा. यंत्राला पाण्या-धुळीपासून संरक्षणाचं मानांकन नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक उड्डाणानंतर ओलसर, मग कोरड्या कापडाने पुसणं चुकवू नये.

चिरेखाणी, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी, सड्यांवर पसरत आहेत. चांगल्या नव्या ड्रोनची वाट बघत शिल्पं नोंदवायची थांबण्यापेक्षा भाड्याचा फँटम घेऊन या हिवाळ्यातच उडवावा.