झेपेलिनचे संच घरी येऊन नऊ महिने झाले

आधीच सांगून टाकतो. ज्या संचाकडून मला काडीचीही अपेक्षा नव्हती, तो घरात सर्वांत जास्त वाजला. आणि ज्यावर सर्वांत जास्त पैसे घातले, तो कपाटावर धूळ खातोय. मे 2025 पासून हे सगळं टप्प्याटप्प्याने घेत गेलो. एक अख्खा पावसाळा गेलाय, टर्नटेबलची पिन एकदा बदलून झालीय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आमच्या पिढीने लेड झेपेलिन हा इंग्लंडचा रॉक बँड ऐकला तो भरून घेतलेल्या कॅसेटवर. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट दुकानदाराकडे द्यायची, तो दोन अल्बम भरून द्यायचा, आणि बाजू संपली की गाणं अर्ध्यात तुटायचं. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चा शेवट मी कितीतरी वर्षं ऐकलेलाच नव्हता. पुढे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून सीड्या घेतल्या. ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. मग सगळ्यांसारखाच मीही फोनवर ऐकत बसलो.

बँडचा गिटारवादक जिमी पेज याने 2014 आणि 2015 या दोन वर्षांत बँडचे नऊही स्टुडिओ अल्बम नव्याने मास्टर करून, म्हणजे जुन्या टेपांवरून आवाज पुन्हा घासूनपुसून, बाजारात आणले, आणि प्रत्येकाबरोबर जुन्या टेपांमधलं काहीबाही काढून एक जादा तबकडी दिली. ‘कोडा’ला तर दोन दिल्या. मी घेतलं ते असं: पहिला, तिसरा आणि ‘फिजिकल ग्राफिटी’ हे अल्बम एलपीवर, चौथ्याचा तो मोठा खोका, पुस्तक आणि छापील चित्रासकट, ‘कोडा’ तीन सीड्यांचा, आणि ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ या मैफलींच्या अल्बमचा 2018 चा सीडी संच. बँडच्या मैफलींची 2003 ची डीव्हीडी आधीपासून होतीच.

आवाजाबद्दल. माझ्याकडच्या जुन्या सीड्यांपेक्षा हे नवं मास्टरिंग भरीव वाटतं, खर्ज नीट बसलाय, आणि हल्लीच्या बऱ्याच रीइश्यूंसारखा आवाज उगाच चढवून ठेवलेला नाही. फरक सर्वांत जास्त कळतो तो ढोलांत. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी जॉन बॉनमचे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत, खाली जिन्याच्या चौकात मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने दोन माइक वरून जिन्यात लटकवले होते. हे वाचलेलं होतं, पण ते ऐकू आलं आत्ता. पहिल्याच ठोक्यानंतर आवाज वर चढतो, भिंतीला लागून परत येतो, मग दुसरा ठोका पडतो. ती मधली पोकळी फोनवर कधी जाणवलीच नव्हती. पण तुमच्याकडे बरे स्पीकर नसतील तर या एका फरकासाठी पैसे घालवू नका, अगदी मनापासून सांगतोय. आधी स्पीकर घ्या.

जादा तबकड्यांचं म्हणाल तर बहुतेकांनी निराशा केली. चौथ्या अल्बमची सगळ्यांत जास्त. तीच गाणी, तोच क्रम, फक्त मिक्स वेगळं. कुठे गिटार जरा पुढे, कुठे आवाज जरा मागे. दोनदा ऐकली आणि खोका बंद केला. तिसऱ्या अल्बमवर पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट दोघंच बसून वाजवतात तो जुना ब्लूज मात्र सुरेख आहे, खिडकीत बसून ऐकावा असा. आणि पहिल्या अल्बमबरोबर त्यांनी 10 ऑक्टोबर 1969 ची पॅरिसच्या ऑलिंपियामधली मैफल दिलीय, तिथे पैसे वसूल होतात. अल्बम येऊन वर्षही झालेलं नाही आणि पोरं स्टेज फोडून काढतायत.

कारण हा बँड मुळात मैफलीचा आहे. स्टुडिओतलं गाणं म्हणजे बंदिश, खरं काय ते स्टेजवर. ‘हाउ द वेस्ट वॉज वन’वर ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ 25 मिनिटं चालतं. पेज गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवतो, मग शांतता, मग प्लँट एखादी ओळ टाकून बघतो, बॉनम मान वर करतो की नाही कोण जाणे पण नेमका तिथेच शिरतो. ख्याल ऐकून कान तयार झालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तक्रार एकच: ही सलग एका रात्रीची मैफल नाही. जून 1972 मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीच इथे झालेल्या दोन कार्यक्रमांतले तुकडे पेजने बेमालूम जोडलेत. जोड कळत नाही हे खरं, पण माहीत असलं की मन उगाच सांधा शोधत बसतं.

डीव्हीडी अजूनही घरातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. 1970 चा रॉयल अल्बर्ट हॉल, 1973 चं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, 1975 चं अर्ल्स कोर्ट, 1979 चं नेबवर्थ. चार कार्यक्रमांत माणसं म्हातारी होताना दिसतात, खरं तर दहाच वर्षांत. 1976 च्या ‘द साँग रिमेन्स द सेम’ या बँडच्या मैफलीवरच्या सिनेमापेक्षा ही कितीतरी बरी. त्या सिनेमासाठी गार्डनमधलं चित्रीकरण पुरेसं नव्हतं म्हणून नंतर स्टुडिओत स्टेज उभारून उरलेलं भरून काढलं, आणि बेस गिटार वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सने तोवर केस कापलेले असल्याने त्याला टोप घालून बसवलं. हे एकदा कळल्यावर मला तो सिनेमा गंभीरपणे बघता आलेला नाही.

आम्हाला प्रत्यक्ष बघण्याचा प्रश्नच नव्हता. बॉनम सप्टेंबर 1980 मध्ये गेला आणि त्याच डिसेंबरमध्ये बाकीच्यांनी बँड थांबवला, तेव्हा मी पहिलीत होतो. 10 डिसेंबर 2007 ला लंडनच्या ओ-टू सभागृहात बॉनमचा मुलगा जेसन याला घेऊन ते एक रात्र वाजले, त्या तिकिटांसाठी दोन कोटींच्या घरात अर्ज आले होते. मी अर्जसुद्धा केला नव्हता. ऑफिसात रजा मिळेल का, हाच विचार आधी आला. आपल्या नशिबी ब्रेबॉर्नवर 2003 मध्ये रोलिंग स्टोन्स आले, 2007 मध्ये बीकेसीत पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स आला, मे 2025 मध्ये महालक्ष्मीला गन्स अँड रोझेस. महालक्ष्मीहून परतताना लोकलमध्ये कान गच्च बसलेले, गुडघे बोलायला लागलेले, आणि त्याच आठवड्यात मी पहिला संच मागवला. खाज होती ती.

‘फिजिकल ग्राफिटी’ची दुसरी तबकडी वाकलेली आली. टर्नटेबलचा हात भरतीतल्या होडीसारखा वरखाली व्हायचा. विक्रेत्याला फोटो पाठवले, मग व्हिडिओ पाठवला, मग ‘रेकॉर्ड सपाट टेबलावर ठेवून पुन्हा व्हिडिओ काढा’ असं उत्तर आलं. तीन आठवड्यांनी बदलून मिळाली. वेष्टन मात्र देखणं आहे: न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवरच्या इमारतीचा फोटो, खिडक्या कापलेल्या, आतला कागद बदलला की खिडकीतली माणसं बदलतात. पण तो आतला कागद जाड आणि खरखरीत आहे, तबकडी ओढून काढावी लागते. महिन्याभरात केसासारखे ओरखडे दिसायला लागले. आता तबकड्या वेगळ्या मऊ पिशव्यांत, आणि मूळ कागद नुसते शोभेला. तिसऱ्या अल्बमच्या वेष्टनातलं फिरतं चक्र भाचीने पहिल्याच दिवशी इतकं फिरवलं की ते आता एका जागी अडकतं.

जुलैत बुरशी धरली. ठाण्यात भिंतीलगतच्या कपाटात कागदी वेष्टनं ठेवली की काय होणार होतं, माझीच चूक. पांढरे ठिपके पुठ्ठ्यावर होते, तबकडीपर्यंत पोचले नव्हते. आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय, तबकड्या उभ्याच ठेवतो, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकल्यात.

‘बिकमिंग लेड झेपेलिन’ हा माहितीपट दोनदा बघितला. दिग्दर्शक बर्नार्ड मॅकमॅहन. त्यात बँडच्या चौघांखेरीज कोणी बोलतच नाही; समीक्षक नाहीत, ‘मी तेव्हा तिथे होतो’ म्हणणारे नाहीत. बॉनमचा आवाज एका जुन्या मुलाखतीच्या टेपवरून घेतलाय, आणि ती टेप ऐकताना बाकी तिघांचे चेहरे दाखवलेत. तेवढ्यासाठी तरी बघा. शिवाय गाणी तोडलेली नाहीत, पूर्ण वाजू दिलीत. पेज आणि जोन्स आधी लंडनच्या स्टुडिओंत रोजंदारीवर वाजवणारे होते, हा भाग मला सर्वांत आवडला. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा जोन्स काय मिस्कील म्हातारा झालाय! पण सिनेमा जानेवारी 1970 ला संपतो. म्हणजे हेडली ग्रेंज नाही, ‘काश्मीर’ नाही, पडझड नाही. आणि दुसऱ्यांच्या गाण्यांतून केलेल्या उसनवारीबद्दल चकार शब्द नाही. ‘होल लोटा लव्ह’मधल्या ओळींवरून ब्लूज गीतकार विली डिक्सनने 1985 मध्ये खटला भरला, तो कोर्टाबाहेर मिटला, आज गाण्याच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव आहे. दोन तासांत दोन मिनिटं याला देता आली असती. हा बँडचा स्वतःचा अल्बम आहे, लग्नाच्या अल्बमसारखा. तेवढं धरून बघितला तर मजा येते.

आता ‘कोडा’. 1982 मध्ये उरल्यासुरल्या गाण्यांची मोट बांधून काढलेला, चाहतेही ज्याला नाकं मुरडतात तो. घेतला तो केवळ दोन गाण्यांसाठी. 1972 मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले हा किस्सा मुंबईतल्या जुन्या रॉकवाल्यांकडून सगळ्यांनीच ऐकलेला असतो. त्या खेरीज त्यांनी इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ध्वनिमुद्रित केली. चोरट्या तबकड्यांवर ती फिरत होती, अधिकृतपणे आली ती थेट 2015 मध्ये, या संचात. ‘फोर स्टिक्स’चं नाव तिथे ‘फोर हँड्स’ आहे.

आमचे अण्णा ब्याऐंशी वर्षांचे, भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज. माझ्या संगीताला ते ‘भांडी पडली’ म्हणतात. एका रविवारी मी ‘काश्मीर’ लावलं होतं. ते पेपर वाचत होते. थोड्या वेळाने पेपर खाली, उजवा हात मांडीवर, डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर. मग म्हणाले, “हा ढोलवाला चारात आहे. आणि ते बाकीचे तीनात.”

“हो.”

“बारावर भेटतायत. नीट भेटतायत.” आणि पेपर परत वर.

मी गुपचूप ‘कोडा’ची सीडी लावली. ‘फ्रेंड्स’मध्ये तबला सुरू झाला तसे ते खुर्चीत पुढे सरकले. त्यांना हे ‘कुठल्यातरी साहेबाचं गाणं’ म्हणून मान्य नव्हतं. वाजवणारा आपला आहे आणि समोरच्याला कुठे यायचंय हे त्याला कोणी नीट सांगितलेलं नाही, असं त्यांचं मत पडलं. मला वाटतं ते बरोबर आहे. दोन्ही गाणी कच्ची आहेत, तालीम चालल्यासारखी, सगळे एकमेकांचा अंदाज घेतायत. पण त्या अंदाज घेण्यातच गंमत आहे. तेव्हापासून ‘तो मुंबईवाला लाव’ अशी फर्माईश आठवड्यातून एकदा तरी असतेच, आणि वर दर खेपेला तबल्याच्या एका नव्या जागेवर टीका.

सप्टेंबर 2025 मध्ये ‘फिजिकल ग्राफिटी’च्या पन्नाशीनिमित्त चार गाण्यांची छोटी तबकडी आली, अर्ल्स कोर्ट आणि नेबवर्थमधली. छान आहे, पण चारच गाणी. अर्ल्स कोर्टच्या पाच रात्रींमधली एक पूर्ण रात्र जशीच्या तशी काढा की!

चौथ्या अल्बमचा मोठा खोका विकायला काढलाय. पुस्तक, चित्र, तबकड्या, सगळं जागेवर, बुरशी नाही. कोणाला हवा असेल तर ठाण्यात येऊन ऐकून न्या. ‘कोडा’ मात्र मागू नका, तो आता अण्णांच्या रेडिओशेजारी असतो.