सहीपूर्वीचा एक तास : न्यू जर्सीतील एका वकीलबाईंच्या सल्लासेवेविषयी

माझे वडील चिंचवडच्या कारखान्यात ‘कायम’ झाले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले होते. अमेरिकेतल्या माझ्या पहिल्याच नियुक्तिपत्रात ‘ॲट-विल’ हा शब्द वाचला आणि इथे ‘कायम’ असे काही नसते, हे कळले. मालकाने कारण न देता कोणत्याही दिवशी नोकरी संपवावी आणि नोकरानेही तसेच निघून जावे, हा मूळ नियम माँटाना वगळता सर्व राज्यांत चालतो. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या विभागातील तीसेक जणांबरोबर माझीही नोकरी गेली, तेव्हा आपल्या हाती काहीच नाही असे धरून, समोर आलेल्या कागदावर सही करून मोकळे व्हायचे मी ठरवले होते. एका मित्राने हट्टाने नोकरीविषयक कायद्याचे काम पाहणाऱ्या या वकीलबाईंकडे पाठवले, म्हणून ती सही थांबली.

त्यांची पद्धत मला मनापासून आवडली. एका तासाची फी आधीच स्पष्ट सांगितली जाते, आणि नियुक्तिपत्र, कंपनीचे नियमपुस्तक, गेल्या दोन वर्षांची मूल्यमापने आणि सहीसाठी दिलेला करार आदल्या दिवशी मागवून घेतला जातो. मी पोहोचलो तेव्हा करार टेबलावर होता आणि चौथ्या पानावर पेन्सिलीची खूण होती. आठ आठवड्यांच्या जादा पगाराच्या बदल्यात मी कंपनीविरुद्धचे सर्व दावे सोडून देत आहे, असे तिथे लिहिले होते. म्हणजे गावाकडे वाटणीच्या वेळी बहिणीकडून घेतात तसे हे हक्कसोडपत्रच होते, आणि मी ते केवळ पगाराची पावती समजून वाचले होते.

पेन्सिलीची खूण मात्र ‘21 दिवस’ या शब्दांखाली होती. माझे वय 46. वयाच्या चाळिशीनंतरच्या नोकराकडून वयावरून झालेल्या भेदभावाचा दावा सोडवून घ्यायचा असेल, तर 1990 च्या कायद्याप्रमाणे त्याला विचारासाठी 21 दिवस द्यावे लागतात. पण अनेकांना एकत्र काढले असेल तर 45 दिवस द्यावे लागतात, शिवाय कोणत्या पदावरील, कोणत्या वयाच्या लोकांना काढले आणि कोणाला ठेवले याची यादी जोडावी लागते, आणि दोन्ही प्रकारांत सहीनंतरही 7 दिवस माघार घेता येते. माझ्या करारात यादी नव्हती. अशा सहीने वयाविषयीचा दावा हातून जात नाही, पण इतर दावे जाऊ शकतात, हा फरक त्यांनी मला दोनदा समजावला, आणि तो समजेपर्यंत पुढचे पान उलटले नाही.

जिथे आशा नव्हती तिथे त्यांनी ती दाखवली नाही, याचे मोल मला अधिक वाटते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये हॉफमन-ला रोश कंपनीच्या खटल्यात नियमपुस्तकातील आश्वासन करारासारखे बंधनकारक ठरू शकते असे म्हटले होते; परंतु आमच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर हा करार नव्हे असे ठळक छापलेले असल्यामुळे तो मार्ग बंद होता. राज्याच्या कायद्याप्रमाणे सामूहिक कपातीत 90 दिवसांची पूर्वसूचना आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार मिळतो, पण त्यासाठी किमान 50 जणांची नोकरी जावी लागते; आम्ही तेवढे नव्हतो. आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी कौटुंबिक रजेच्या कायद्याखाली रजा घेतली होती आणि तीन महिन्यांनी नोकरी गेली, हे ऐकून त्या थांबल्या आणि तारखा लिहून घेतल्या. रजा घेतल्याबद्दल काढणे बेकायदा आहे, मात्र रजा न घेतलेलेही काढले गेल्याने नुसत्या तारखांवर दावा उभा राहणार नाही, असे त्यांनी सांगितले. रागाच्या भरात कंपनीच्या फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, ही सूचनाही त्यांनी वेळेवर दिली.

उणीवही सांगायला हवी. मी एच-वन बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहे, आणि नोकरी संपल्यावर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला आम्हाला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. विचाराचे 45 दिवस आणि व्हिसाचे 60 दिवस एकाच वेळी सरत असतात, हे घरात शाळकरी मुले असलेल्या माणसाला रात्री झोपू देत नाही. या वकीलबाई व्हिसाचे काम पाहत नाहीत, हे त्यांनी भेट ठरवतानाच सांगायला हवे होते. मला दुसरा वकील शोधावा लागला आणि दुसरी फी भरावी लागली. दुसऱ्या दिवशी मिळणारा लेखी सारांशही चौथ्या दिवशी आला.

वकीलबाईंनी कंपनीला पाठवलेल्या एका पानाच्या पत्रानंतर कंपनीने 45 दिवसांचा, यादीसह नवा करार दिला आणि जादा पगार आठ आठवड्यांवरून दहा आठवड्यांवर नेला. मी एकोणचाळिसाव्या दिवशी सही केली. त्या फक्त न्यू जर्सीतील प्रकरणे घेतात, तेव्हा न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियात नोकरी करणाऱ्यांनी आपल्या राज्यातील वकील पाहावा. आणि जिथे जाल तिथे, करार हाती पडल्याची तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवून जावे, कारण त्यांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला होता.