टायपिंग ट्यूटर सॉफ्टवेअर: हात बसतो, पण बोटांवर लक्ष तुम्हालाच ठेवावं लागतं

कीबोर्डकडे न बघता टायपिंग यावं म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर बरेच दिवस वापरतेय. ५ पैकी ४ स्टार देतेय, ते का ते सांगते.

याची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तुमची कच्ची अक्षरं हे बरोबर हेरतं. माझा बी आणि वाय सारखा अडायचा, तर पुढच्या ओळींमध्ये तीच अक्षरं घुसवलेले शब्द यायला लागले, तेही अर्थ नसलेले, म्हणजे अंदाजाने पुढचं टाइप करायची सोयच नाही, एकेक अक्षर वाचावंच लागतं. चुकलं की कर्सर तिथेच अडतो. हे असं जागच्या जागी अडवणं फार महत्त्वाचं आहे. कर्ट व्हॅनलेन या संशोधकाने २०११ मध्ये कॉम्प्युटर ट्यूटरांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात पायरीपायरीला मदत करणारे प्रोग्राम शिकवणाऱ्या माणसाच्या जवळपास पोचलेले दिसले आणि नुसतं शेवटचं उत्तर तपासणारे बरेच मागे राहिले.

पण गोम अशी की याला कुठली की दाबली ते कळतं, कुठल्या बोटाने दाबली ते नाही. बी डाव्या तर्जनीने दाबायचा, तुम्ही उजवीने दाबलात तरी हिरवं! दोनच बोटांनी भराभर बडवलंत तरी शाबासकी मिळते आणि मग तीच सवय पक्की होते, जी नंतर मोडायला जाम त्रास. म्हणून हातांवर रुमाल टाका, एफ आणि जे वरचे उंचवटे चाचपून बोटं ठेवा आणि सुरुवातीला स्पीडकडे बघूच नका.

दुसरं म्हणजे स्कोअरवर भाळू नका. एकच धडा घोटत बसलं की आकडा मस्त चढतो, मिक्स मोड (म्हणजे वेगवेगळे धडे मिसळून) लावला की धाडकन पडतो, तरी मिक्सच लावा. शे आणि मॉर्गन या संशोधकांच्या १९७९ च्या प्रयोगात हाताच्या हालचाली मिसळून शिकणारे सरावात हळू होते पण नंतरच्या चाचणीत तेच पुढे निघाले. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर बंद ठेवून एखादा लांबलचक मेल टाइप करताना होते, तिथे मान खाली जात नसेल तर शिकलात.

एक स्टार कापला तो बोटांसाठीच. निदान प्रत्येक धड्याआधी कुठलं बोट कुठे ते चित्र तरी दाखवा, सध्या ते मेनूत इतकं आत आहे की नवीन माणसाला सापडतच नाही.