ओपनटीटीडी : एकेरी लाइनवर गाड्या चालवताना

पावसाळ्याआधीपासून ओपनटीटीडी हा रेल्वे-वाहतूक चालवण्याचा कॉम्प्युटर गेम खेळतोय. १९९५ च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सवर बेतलेला हा गेम २००४ पासून हौशी मंडळीच वाढवत आली आहेत. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर आणि नेट नसतानाही चालतो. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

यात गाडी आपण हाकत नाही. कुठं थांबायचं, माल भरेपर्यंत थांबायचं की तसंच निघायचं, एवढ्या ऑर्डर द्यायच्या. पुढचं कॉम्प्युटर पाहतो. आपण कंट्रोलर.

मी आपल्या शकुंतलेचा मार्ग मांडला : मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावलेली ती नॅरोगेज गाडी माझ्या फार जवळची. मूळ गेममध्ये नॅरोगेज नाही आणि कापूसही नाही, हे वऱ्हाडातल्या माणसाला खुपतंच. मग वणीकडचा कोळसा पारसच्या वीज केंद्राकडे त्याच लाइनवरून काढला.

खरा कस लागतो क्रॉसिंगला, म्हणजे एकाच रुळावरून समोरासमोर येणाऱ्या गाड्या एकमेकींना ओलांडतात तिथं. पाथ सिग्नल एरवी लाल असतो. पुढच्या सुरक्षित थांब्यापर्यंतची वाट मोकळी असली तरच गाडी ती स्वतःसाठी राखते आणि सिग्नल हिरवा होतो. म्हणून जिथं उभी गाडी कुणाची वाट अडवणार नाही, तिथंच सिग्नल. दोन स्टेशनांच्या मधोमध दोन्ही दिशांचे लावले, की गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. भाचा शेजारी बसून विचारतो, "मामा, आता मागं कोण सरकणार?" कुणीच सरकत नाही!

दुसरी गोम लूपची, म्हणजे गाड्या ओलांडायला दिलेल्या बाजूच्या लाइनची. दारव्ह्याच्या दोन्ही लाइनींवर यवतमाळकडे निघालेल्या गाड्या आणि पुढच्या क्रॉसिंगला दोन्हीवर मूर्तिजापूरकडच्या, म्हणजे सगळा सेक्शन ठप्प. प्रत्येक लाइनला एकाच दिशेचा पाथ सिग्नल दिला, जाणारी डावीकडून आणि येणारी उजवीकडून, की ही कोंडी होतच नाही. लूप मात्र सगळ्यात लांब कोळसा गाडीपेक्षा मोठा पाहिजे. नाहीतर गाडीचं शेपूट सांध्यावर, जिथं लाइन फुटते तिथंच, राहतं. सिग्नल ओलांडून जाण्याचं बटण आहे, पण त्यानं टक्कर होऊ शकते आणि दोन्ही गाड्या जातात. मी त्याला हात लावत नाही.

'भरेपर्यंत थांबा' ही ऑर्डर फक्त कोळशाला द्या. पॅसेंजरला दिली की ती फलाट अडवून बसते. गेमच्या सेटिंगमध्ये बिघाडही कमीवरच ठेवा, एकेरी लाइनवर एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या अडकतात.

वेळापत्रकाची सोय मला सर्वांत आवडली. ऑटोफिल लावून गाडी एक फेरी फिरवली की तिच्या वेळा आपोआप भरतात. पुढं लवकर आलेली गाडी थांबते, उशिराची किती मागं आहे ते दिसतं. दारव्ह्याला पॅसेंजरला थोडा जास्त थांबा दिला आहे, म्हणजे समोरून कोळसा उशिरा आला तरी कारंज्यापर्यंत वेळ भरून निघतो. एकेरी लाइन मांडणाऱ्यानं सुरुवात इथूनच करावी.