मिडलमार्च की सायलस मार्नर, आधी कुठलं?

इंग्रजी कादंबरीकार जॉर्ज एलियट वाचायचीय (वाचायचीच, बाई होती ती, खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स) पण सुरुवात कुठून करू असं दोनतीन जणांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सायलस मार्नर १८६१ चं, बारकंसं, एका वीकेंडात संपतं. चोरीचा खोटा आळ आला म्हणून आपलं गाव सोडून रॅव्हलोला आलेला एक विणकर, पंधरा वर्षं मागावर राबून सोन्याची नाणी साठवतो, रात्री दार लावून मोजत बसतो आणि एक दिवस सगळी चोरीला जातात. मग ३१ डिसेंबरच्या रात्री शेकोटीपुढे काहीतरी पिवळं चमकतं, याची नजर आधीच अधू, याला वाटतं सोनं परत आलं, हात पुढे करतो तर बोटांना लागतात लहान पोरीचे मऊ कुरळे केस. मी बसमध्ये वाचत होते, माझा स्टॉप गेला.

मिडलमार्च तसं नाही. १८७१-७२ मध्ये आठ भागांत आलं, ८६ प्रकरणं, आणि ते अंगात भिनायला वेळ घेतं. विशीसुद्धा न ओलांडलेली डोरोथिया, पंचेचाळिशी उलटलेल्या कॅसॉबनच्या विद्वत्तेवर भाळून त्याच्याशी लग्न करते, आणि त्याचं ते महान पुस्तक काही केल्या पुरं होत नाही. पण पहिल्याच प्रकरणात बघा, आईचे दागिने वाटताना ही धाकट्या बहिणीला म्हणते मला काही नको, सगळं तूच घे, आणि मग पाचूच्या अंगठीवर ऊन पडतं आणि बाईसाहेब ती अंगठी आणि जोडीचं ब्रेसलेट हळूच ठेवून घेतात. अख्खी डोरोथिया तिथेच कळते.

अडचण अकराव्या प्रकरणाशी आहे. गोष्ट एकदम डोरोथियाला सोडून डॉक्टर लिडगेट आणि रोझामंडकडे वळते, मी दोनदा इथेच पुस्तक मिटलं. नंतर कळलं की एलियटने या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सुरू केल्या होत्या आणि मग जोडल्या, म्हणजे टाका दिसतो तो खरंच तिथे आहे. पण लिडगेट सोडू नका! औषधं स्वतः विकणार नाही म्हणतो आणि गावातले बाकीचे डॉक्टर खवळतात, आणि घरात फर्निचरची उधारी, बायकोला परिस्थिती सांगायची हिंमत नाही. १८३० च्या आसपासचं इंग्लंड आहे हे विसरायला होतं.

सायलसचा शेवट मला जरा गोडगोड वाटतो, मिडलमार्चमध्ये ती सवलत फारशी कुणालाच नाही. तेव्हा लांबलचक इंग्रजी वाक्यांची सवय नसेल तर आधी सायलस, पण लग्नाला चारपाच वर्षं झाली असतील तर सरळ मिडलमार्च घ्या. भावाबहिणीची गोष्ट हवी असेल तर द मिल ऑन द फ्लॉस आहे, लग्न न करता लेखक जॉर्ज हेन्री लुईससोबत राहिली म्हणून एलियटच्या सख्ख्या भावाने तिच्याशी वर्षानुवर्षं संबंध तोडले होते, ती जखम तिला ठाऊक होती. तिन्ही पुस्तकं कॉपीराइटमुक्त आहेत, फुकट ईबुक मिळतात, मिडलमार्च मात्र छापील घ्या आणि अकराव्या प्रकरणावर आधीच खूण करून ठेवा.