ऑनलाइन घेतलेली इलेक्ट्रिक माउंटन बाइक : नाशिकमधील अनुभव

गंगापूर धरणाकडचा चढउताराचा रस्ता असो वा अंजनेरीच्या पायथ्याची खडकाळ वाट, ही सायकल मला मनापासून आवडली. २५० वॅटची मोटर पेडलला साथ देते आणि ताशी २५ किलोमीटर वेगाला मदत थांबते. त्यामुळे नोंदणी किंवा परवाना लागत नाही.

खरी कसोटी देखभालीची आहे. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचे चाक आणि पेडल बसवून डिस्क ब्रेक जुळवण्याचे काम कोणताही अनुभवी सायकल मेकॅनिक करतो, पण कंट्रोलर (मोटरची वीज नियंत्रित करणारा भाग) आणि बॅटरीला तो सहसा हात लावत नाही. म्हणून सुटे भाग मिळतील का, हे विक्रेत्याला आधीच विचारावे. मोटर मागच्या चाकात असल्याने साखळीवर जादा ताण येत नाही. मात्र पंक्चर काढताना मोटरची वायर सोडवून ते जड चाक उतरवावे लागते, आणि इथे घाई केल्यास कनेक्टरच्या पिना वाकतात. सायकल वजनदार असल्याने ब्रेक पॅड वरचेवर तपासावेत.

पावसाळ्यात चिखल धुताना जोराच्या फवाऱ्याऐवजी ओले फडके वापरावे. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी उन्हात तापली असेल, तर थंड झाल्यावरच चार्ज करावी. सायकल दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवावी.