डॉक्टर हू, जुनी सिरीज: चौदा महिने रोज एक भाग बघितल्यावर

आधीच सांगतो, मी काही सायन्स फिक्शनवाला माणूस नाही. इंग्लंडात लेस्टरला येऊन सहा वर्षं झाली, ऑफिसात कुणी ना कुणी डॉक्टर हूचा, म्हणजे टाइममशीनमधून भटकणाऱ्या परग्रहावरच्या डॉक्टरच्या बीबीसी सिरीजचा, विषय काढायचं आणि मी सगळं कळल्यासारखी मान डोलवायचो, शेवटी लाज वाटून लायब्ररीतून पहिल्या गोष्टीची डीव्हीडी आणली. 2005 नंतरची नवी नाही हां, 1963 ते 1989 वाली जुनी, 26 सीझनची. नियम एकच, रोज रात्री जेवताना एक भाग, साधारण 25 मिनिटं, रविवारी मूड असला तर दोन. आज 1982 वर पोचलोय.

पहिल्या दोन आठवड्यांत बंदच करणार होतो. ब्लॅक अँड व्हाइट, भिंती हलतात, पहिला डॉक्टर झालेला नट विल्यम हार्टनेल मधेच डायलॉग अडखळतो आणि तसाच पुढे रेटतो, कारण रीटेक परवडायचे नाहीत. आणि ते डालेक, डॉक्टरचे दुश्मन! एवढं नाव ऐकलेलं, बघतो तर पालथ्या पिंपासारखा डबा आणि त्याच्या एका हाताला बेसिन तुंबल्यावर मारतात तो रबरी पंप. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती म्हणाली, "ह्या काय बघतंस रे?"

पण मग माझी ट्यूब पेटली. मी कुडाळकडचा, लहानपणी जत्रेत रात्र रात्र दशावतार बघितलेला. तिथे काय सेट असतो? एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर, आणि पहाटे तीन वाजता आम्ही पोरं संकासुराला खरोखर घाबरायचो. एकदा तसं बघायला लागलो आणि सगळं जमलं. 1975 च्या एका गोष्टीत चक्क बबल रॅप हिरवा रंगवून माणसाचा हात किड्याचा झालेला दाखवलाय, दिसतो बबल रॅपच, पण तो नट स्वतःच्या हाताकडे असा बघतो की माझा घास हातात राहिला. अर्ध काम ते करतात, अर्ध आपण करायचं. आजच्या गुळगुळीत ग्राफिक्समध्ये आपल्याला काही कामच उरत नाही, म्हणून मला वाटतं ते दुसऱ्या दिवशी आठवतही नाही.

आवाजाचं तर वेगळंच प्रकरण. ती सुरुवातीची ट्यून रॉन ग्रेनरची, पण प्रत्यक्षात घडवली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बिशर या बाईंनी, टेपचे तुकडे कापून, सूर न् सूर जोडून. ग्रेनरला त्यांचं नाव सोबत द्यायचं होतं, बीबीसीच्या नियमात बसलं नाही, पडद्यावर नाव आलं ते थेट 2013 मध्ये, तेव्हा त्या हयात नव्हत्या. आणि ते टाइममशीन, टार्डिस, म्हणजे बाहेरून लंडनच्या पोलिसांचा निळा खोका, उडतानाचा त्याचा घरघराट म्हणजे पियानोच्या तारांवर घासलेली घराची किल्ली. कळल्यापासून मी दोनदा रिवाइंड करून ऐकलंय.

अजून एक, जे मला इथल्या लोकांनी कधी सांगितलं नाही. पहिली गोष्ट डिरेक्ट केली वारिस हुसेन यांनी, जन्म लखनौचा, तेव्हा वय 24. प्रोड्युसर व्हेरिटी लॅम्बर्ट, सत्ताविशीतली बाई. 1963 च्या बीबीसीत या दोघांना लोकांनी कसं घेतलं असेल याचा विचार करा. त्यात पहिला भाग लागला 23 नोव्हेंबरला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, मग पुढच्या शनिवारी परत दाखवावा लागला.

एवढी वर्षं टिकली कशी, याचं उत्तर सगळे रीजनरेशन देतात. 1966 मध्ये हार्टनेलची तब्येत साथ देईना, तर यांनी ठरवलं की डॉक्टरचं शरीरच बदलतं, आणि पॅट्रिक ट्राउटनला उभा केला, दिसायला वागायला पूर्ण वेगळा. भारी आयडिया, मान्य. (अवतार बदलणं आपल्याला काय नवीन!) पण मला विचाराल तर खरी गंमत 1964 च्या अ‍ॅझटेकवाल्या गोष्टीत आहे. डॉक्टरसोबत फिरणाऱ्या बार्बरा नावाच्या इतिहासाच्या टीचरला तिथले लोक देवी समजतात, तिला वाटतं आता मी हा नरबळी थांबवीन, डॉक्टर जीव तोडून सांगतो की इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही, ती ऐकत नाही आणि हरते. चार भाग, कार्डबोर्डचं देऊळ, आणि शेवटी सगळं जसंच्या तसं. टाइममशीन हाताशी असून काही करता येत नाही, हे दाखवायला दम लागतो. मी त्या रात्री दुसरा भाग लावला नाही.

आता तक्रारी. सहा भागांच्या गोष्टींत चौथा-पाचवा भाग नुसता पळापळीचा, पकडले, सुटले, परत पकडले. मी तिथे भांडी घासून घेतो. साठच्या दशकातले नव्वदच्या वर भाग बीबीसीकडे उरलेच नाहीत, टेप पुसल्या, फिल्म टाकून दिल्या, आवाज तेवढा आहे तो त्या काळच्या पोरांनी घरी टीव्हीसमोर रेकॉर्डर धरला म्हणून. मार्को पोलोची सातही भागांची गोष्ट अशीच गेली, तीही, एक भाग सोडला तर, हुसेन यांचीच. आणि 1977 ची टॅलन्स ऑफ वेंग-चियांग, जिला फॅन लोक डोक्यावर घेतात, तिच्यात गोऱ्या नटाला मेकअप करून चिनी केलाय. लिखाण चांगलं असेल, मला बघवलं नाही, इथे राहताना तर अजिबातच नाही.

कुठून सुरू करू विचाराल तर 1979 ची सिटी ऑफ डेथ. पॅरिस, मोनालिसाची चोरी, लांब मफलरवाला टॉम बेकर, चारच भाग. आवडली तर मग मागे जा. सलग बघू नका मात्र, आठवड्याला एक भाग या हिशोबाने बनलंय ते, चार तास एकदम बसलात तर डोकं उठेल.

काल 1982 ची अर्थशॉक संपवली. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, स्पॉयलर म्हणू नका. अ‍ॅड्रिक नावाचा डॉक्टरसोबत फिरणारा, गणितात हुशार, आगाऊ पोरगा, 1980 च्या भागांपासून माझ्या डोक्यात जायचा, बायकोला रोज म्हणायचो याला कुठेतरी उतरवा रे. तो मेला. शेवटी त्याचा तुटलेला बॅज आणि त्यावरून नावं सरकतात, ट्यूनशिवाय, एकदम शांत. बायको किचनमधून म्हणाली, आवाज का बंद केलास?